सात नंबरच्या हौदावर

रेज हॅनाफर्डने सात नंबरच्या बोअरचं पाणी काल सकाळी बंद केलं होतं, आणि आज दुपारी साडेतीनशे गाई त्याच कोरड्या हौदाभोवती हंबरत उभ्या होत्या. एकही हलली नव्हती.

रेजला काही उमगेना. आधीच्या मालकाच्या, म्हाताऱ्या डुगनच्या रानात एकतीस वर्षं गुरं राखताना त्याने हेच केलं होतं. पाणी बंद केलं की गाई संध्याकाळपर्यंत आपल्या पायांनी पुढच्या हौदावर जात. डुगनचा हुकूम न्याहारीला सुटे, तोंडी. पुढे दोन वर्षं रेज त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेकडे कामाला होता. तिथे गुरं हाकण्याआधी वाट कोणती धरायची ते त्यांच्या जमातीतल्या थोरल्या बायांना विचारावं लागे. तेही अंगवळणी पडलं. या कंपनीत मात्र कामाच्या सूचनांचा अकरा पानी कागद मिळाला होता. हौदातलं पाणीसुद्धा ऑफिसातल्या पडद्यावर दिसे.

रेडिओवर मॅनेजर कोरिन आली. "रेजबुवा, सात नंबर कालपासून कोरडा दाखवतोय. पाणी मोजणारं यंत्र बिघडलं असेल म्हणून मी गप्प बसले!"

"मीच बंद केलंय. उद्या गुरं नऊ नंबरच्या हौदावर गोळा करायचीत ना? जातील म्हटलं."

"नऊ कुठाय ते त्यांना कुणी सांगितलं?"

"गाईंना सांगावं लागतं?"

"अहो, मागच्या महिन्यात ट्रकमधून सातवरच उतरवल्यात त्या. दुसरं पाणी पाहिलंय कुठे त्यांनी? कागद वाचला नाहीत?"

वाचला होता. गाई कुठून आल्या ते नवव्या पानावर होतं. पाणी बंद करू नका, असं कुठेच नव्हतं.

"सोडा आधी पाणी!"

"सोडलं तर एकमेकींना तुडवतील. हौद भरेस्तोवर मागे रेटतो."

त्याने व्हॉल्व्ह उघडला, धावत गाडीत बसला आणि हॉर्न दाबून हौदाभोवती घिरट्या घालत राहिला. पाण्याच्या वासाने गाई गाडीला धडका देऊ लागल्या. वीस मिनिटांनी तो बाजूला झाला.

सगळ्या प्याल्या. एक वासरू चेंगरून मेलं.

कोरिन आली. वासराकडे पाहून तिने छापील फॉर्म पुढे केला.

"कारण लिहा."

रेजने 'पाणी बंद केलं' असं लिहिलं आणि पेन थांबलं.

"हे कारण कसं गं? ही तर पद्धत आहे."

"इथे नाही, रेजबुवा."

"मग इथली काय?"

कोरिनने त्याच्या गाडीतला तो अकरा पानी कागद घेतला, पानं उलटून पाहिली. तिलाही इथली पद्धत त्यात सापडेना.

"उद्या सातवरच गोळा करू," ती म्हणाली.