हरलीस तर इकडे ये

एडमंटनला मी ज्या बेसमेंटमध्ये राहायचे, त्या घराची मालकीण रुमानियन होती. मी तिला आंटी म्हणायचे. तिची धाकटी बहीण तिकडे राजकारणात. आधी गावच्या शाळेत शिक्षिका, मग नगरपालिका, मग थेट देशाची संसद. पुढच्या निवडणुकीत मात्र सपाटून आपटली. २०१९ साली ती युरोपच्या संसदेसाठी उभी राहणार होती. तिथे मत पक्षाला देतात आणि मतांच्या प्रमाणात यादीतली वरची नावं निवडून येतात; हिचं नाव बरंच खाली, त्यामुळे काही खरं नव्हतं. प्रचाराआधी ती आठवडाभर आमच्याकडे आली आणि जेवताना बहिणीला शब्द देऊन बसली, "या वेळी हरले तर राजकारण बंद. कायमची तुझ्याकडे येते."

झालं! आंटीनं दुसऱ्याच दिवशी वरच्या खोलीला रंग काढला. नवरा गेलेला, मुलं व्हँकुव्हरला. एवढ्या घरात एकटी बाई. "तूपण प्रे कर, ती हरली पाहिजे," असं ती मला भांडी विसळता विसळता खुशाल सांगायची. मला हसूही यायचं आणि रागही. इतकी धडाडीची बाई हरावी म्हणून मी कशाला प्रार्थना करू?

बहीण निघाली त्या सकाळी मी तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाला आमच्यात हे देतात आणि मग त्यानं मागे फिरायचं नसतं, असंही बजावलं.

"आमच्यातही नाही फिरत, काम बिघडतं," आंटी म्हणाली.

बाईसाहेब दही चाटत ऐटीत बाहेर पडल्या, त्या घरातल्या सपातांवरच. गाडीपाशी पाय बर्फात रुतला तेव्हा बूट आठवले. ती परत यायला वळणार, एवढ्यात मी आंटीकडे पाहिलं. तिनं नुसतं "ये आत" म्हणायचा अवकाश होता.

आंटी आपल्या भाषेत अशी काही ओरडली की बहीण जागच्या जागी थिजली. मग दोन्ही हातांत बूट घेऊन, नुसत्या मोज्यांवर, आंटी ड्राइव्हवेवरून धावत सुटली. बर्फातच बसकण मारून तिनं बहिणीच्या पायात बूट चढवले. तोंडानं बोलणी चालूच होती. दोघी हसून हसून बेजार झाल्या. मला तर आंटीची पप्पीच घ्यावीशी वाटली.

मे महिन्यात, परदेशातल्या रुमानियनांसाठीच्या मतदान केंद्रावर रांगेत उभी राहून आंटी मतही बहिणीच्याच पक्षाला देऊन आली. "दुसऱ्या कुणाला देऊ? लायकीची तीच आहे," वर मलाच झापलं.

निकालाच्या वेळी आम्ही फोनला चिकटून बसलो होतो. बहीण निवडून आली. पक्षाला मिळालेल्या अगदी शेवटच्या जागेवर, पण आली! आंटीनं मला उचलून गरकन फिरवलं. तिकडे बहीण रडत होती, इकडे आंटी. मग डोळे पुसून, मलाही कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत, ती फोनमध्ये ओरडली, "काँग्रॅच्युलेशन्स! यू आर नॉट कमिंग!"