ताईनं मोजलेली माझी झोप

ताई निवृत्त झाली तेव्हा प्रयोगशाळेनं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. आयुष्यभर लोकांच्या आतली घड्याळं मोजणाऱ्या बाईला घड्याळ! ती हसली. मला मात्र जुने दिवस आठवले.

माणसाला झोप येण्याआधी अंगात एक संप्रेरक वाढायला लागतं आणि ते लाळेतही उतरतं. ते मोजणं हे ताईचं काम. मंद उजेडात दर अर्ध्या तासानं कापसाचा बोळा चघळायचा, नळीत टाकायचा. ताई तो यंत्रात गरगर फिरवून लाळ काढायची आणि गोठवायची. मग त्या लाळेत तेच संप्रेरक, पण खूण लावलेलं, घालायचं. ते संप्रेरक पकडून ठेवणाऱ्या जागा नळीत मोजक्याच असतात, आणि त्यांच्यासाठी दोघांत संगीतखुर्चीसारखी चढाओढ लागते. खूणवाले जितके कमी बसले, तितकं लाळेतलं जास्त. घरी मी तिला ‘थुंकीवाली’ म्हणायचो आणि धपाटा खायचो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, उशिरा उठण्यापायी तीन नोकऱ्या घालवलेला. आमचे वडील, अण्णा, रविवारीसुद्धा सहाला माझं पांघरूण ओढायचे. चौथी गेली तर घर सोड, असं त्यांनी बजावलं होतं. आपण आळशी नाही हे मलाच पटेनासं झालं होतं.

“आळशी आहेस की नाही ते बघूच,” म्हणत ताईनं माझ्या हातात बोळे ठेवले.

निकाल आला. रात्री दोनपर्यंत संप्रेरक जवळपास शून्य. अण्णांना आयतंच सापडलं. “बघ, याच्या थुंकीतसुद्धा दम नाही!”

आपलंच काही चुकलं असेल म्हणून ताईनं सगळी मोजणी पुन्हा केली. तेच. मग तिनं माझ्याकडे डोळे वटारले. “दिवा लावला होतास?”

“मी नाही, अण्णांनी. दर अर्ध्या तासानं ट्यूब लावून बघत होते, मी खरंच चघळतोय का ते.”

भगभगीत उजेड पडला की ते संप्रेरक दबतं. ताईनं अण्णांना असं झापलं, की मलाच त्यांची दया आली. “पुन्हा कर. मीही चघळतो,” ते गुरगुरले. मग आम्ही दोघं मिणमिणत्या दिव्याखाली समोरासमोर गाल फुगवून बसलो. इतका वेळ आम्ही एकत्र कधीच बसलो नव्हतो.

ताईनं दोघांचे आलेख एकाच कागदावर काढले. अण्णांचा संध्याकाळी आठला चढला होता, माझा रात्री एकला.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुम्ही याला सहाला उठवता ना, ते तुम्हाला रात्री एकला उठवण्यासारखं आहे.”

अण्णांनी कागद स्वतःकडे ओढला आणि दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

पुढे मला दुपारपाळीची नोकरी मिळाली आणि ती तीस वर्षं टिकली. पण आठवतो तो त्या आलेखानंतरचा पहिलाच रविवार. आपोआप जाग आली तेव्हा दहा वाजले होते. धसकून बाहेर आलो. अण्णा स्वयंपाकघरात अगदी हळू लावलेल्या रेडिओला कान चिकटवून बातम्या ऐकत होते. समोर ताई उगाचच चष्मा पुसत होती.

“उठलास?” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी रेडिओचा आवाज मोठा केला.