आभाळाचा करडा रंग

उनोसुके चाळीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं छापत आला होता. चित्रकाराने काढायचं, कोरणाऱ्याने लाकडात कोरायचं आणि शिताया वस्तीतल्या आपल्या माडीवर बसून याने कागदावर उतरवायचं. रंग ठरवायचा तो चित्रकाराने. आपल्या मनाने उनोसुकेने कधी बोटभर शाई लावली नव्हती.

त्या फेब्रुवारीत बर्फातल्या गावाचं चित्र हातात होतं. छपरांवरचा, वाटेवरचा बर्फ म्हणजे न छापलेला कोरा कागदच. दोनशे प्रतींवर रेघा, पूल, लाल छत्री उमटून झाली होती. राहिलं होतं आभाळ. त्याचा करडा ठरवायला चित्रकार कोसुई सोमवारी येणार होते. पण रविवारीच बर्फ कोसळू लागला आणि ट्राम बंद पडल्या.

छपाईसाठी भिजवलेला कागद सुकला की आकसतो, मग आभाळाचा ठसा नेमका छपरांवर घसरतो. जास्त भिजवावा तर गोठायची भीती. उनोसुके घडीघडी गठ्ठ्यात बोट घालून ओल बघायचा, मग खिडकीतून गल्ली.

"खिडकी लावा हो," त्याची बायको तामी म्हणाली. "तुम्ही डोकावल्याने ते लवकर येणारेत का?"

"कडा सुकायला लागल्यात गं."

"मग छापा."

"कुठला करडा?"

"इतकी वर्षं काय डोळे मिटून छापत होतात?"

बुधवारी सकाळी त्याने एक प्रत फिकी काढली. बर्फ मेल्यासारखा दिसला. शाई वाढवली, तशी छपरं उजळून वर आली. दोन दिवस तो छापत राहिला. घास घशाखाली उतरेना. एक थेंब कोऱ्या बर्फावर सांडला तर?

शुक्रवारी कोसुई आले. प्रत उजेडात धरून म्हणाले, "मी याहून फिका सांगितला असता."

"फिक्यात बर्फ उठत नव्हता," उनोसुके कसाबसा बोलला आणि ती पहिली प्रत पुढे केली.

कोसुईंनी दोन्ही बराच वेळ न्याहाळल्या. "असू दे हाच. पण पुन्हा न विचारता छापू नका."

"मग वेळेवर या म्हणावं," तामी आतून पुटपुटली. ते ऐकू गेलं. कोसुई हसले आणि चहाला थांबले.

पुढच्या हिवाळ्यापासून ते आभाळाचा रंग सांगेनासेच झाले. "तुम्हीच बघा," एवढंच म्हणायचे. तामी शेजारणींना कौतुकाने सांगायची. उनोसुकेला मात्र बर्फाचं चित्र आलं, की आठवडाभर जेवण जायचं नाही.