ओळंब्याचा डावा पाय

आमच्या वाशीमच्या कचेरीतला पट्टेवाला साहेबांच्या दाराशी दिवसभर इतका ताठ उभा असे, की गावातल्या गवंड्यांनी, भिंत सरळ आहे का ते पाहायच्या आपल्या दोरीवरून, त्याचं नावच ‘ओळंबा’ पाडलं होतं. दुपार झाली की वकीलसुद्धा टेकायला भिंत शोधत. हा नाही!

मी तिथे कारकून. कंबर धरून उठलो की हा आधी माझ्या पायांकडे बघणार. “पाठ कायले दाबून राह्यले, बाबू? तळवे पाहा. पाय आत लोळला का गुडघा आत जाते, कंबर कलते, मंग पाठ बिचारी काय करन?” खरं म्हणजे असा लोळणारा पाय त्याचाच होता, डावा. ओला पाय फरशीवर टेकला की मधे खळगी नाही, सगळा सपाट ठसा. म्हणून त्यानं वहाणेत, तळव्याच्या मधोमध, चिंध्यांची गादी शिवली होती. त्या बोटभर गादीवर त्याची पाठ उभी होती, आणि नोकरीही.

मग नवे साहेब आले. पट्टेवाल्यांनी कचेरीत अनवाणी राहायचं, असा हुकूम निघाला. महिन्याभरात ओळंब्याचा डावा खांदा उतरला. “पाठीत लय कळ येते, बाबू,” एवढंच म्हणाला. मला कुठून शहाणपण सुचलं कोण जाणे! म्हटलं, “अरे, गादी पायालाच बांध. तळव्याखाली कोण बघतंय?”

आठ दिवस निभलं. नवव्या दिवशी भर साक्षीत कागद नेताना पट्टी सुटली आणि गादी साहेबांच्या टेबलापुढे पडली. सगळे हसले. “ही काय घाण? कोणी शिकवलं?” साहेब कडाडले. ओळंब्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “माह्यंच डोकं, हुजूर.” मी मेल्यानं कागदांत मान घातली ती वर काढली नाही. ज्याला नीट उभं राहता येत नाही तो पट्टेवाला कशाला, म्हणून त्याला त्याच दिवशी काढलं.

दोन वर्षांनी धीर करून धनजला त्याच्या लेकीकडे गेलो. तो भिंतीशी उभा होता. टाचा भिंतीला टेकलेल्या, पण पाठ कमानीसारखी वाकलेली आणि डोकं भिंतीपासून वीतभर पुढे. “बाबा रोजच असं करून राह्यले,” लेक म्हणाली.

“साहेब बदलले का, बाबू?”

बदलले होते. त्याची जागाही केव्हाच भरली होती.

“अजून नाही,” मी म्हणालो.

“बरं झालं. मले अजून थोडा वेळ पायजे,” तो म्हणाला, आणि पुन्हा डोकं मागे रेटू लागला.