एकाच सालाचं पीक

भागोजीचं नाव निघालं की अजून माझी मान खाली जाते. वीस वर्षं गणित शिकवणारा मास्तर मी, आणि शिरगावच्या एका राखणदाराला वर्गमूळ काढून बुडवलं!

भागोजी दुसऱ्यांच्या आंब्यांची राखण करायचा, पण त्याचा खरा मान निराळाच. कुणाची बाग कराराने घ्यायची म्हटलं की रत्नागिरीतले व्यापारी आधी त्याला घेऊन जायचे. मोहोर कितीही गच्च असो, हा गडी त्याला भुलायचा नाही. मालकाला विचारायचा, "मागल्या पाच सालांत किती पेट्या झाल्या?" कारण हापूस एक साल भरभरून धरतो नि पुढल्या साली हात वर करतो. पाचही सालं डोक्यात एकत्र करून तो बागेची किंमत सांगायचा, आणि ती सहसा चुकायची नाही.

ज्या सात कलमांची राखण करण्यात त्याचा जन्म गेला, ती मुंबईच्या मालकाने शहाऐंशी साली विकायला काढली. किंमत नऊ हजार. भागोजीकडे होते सहा. मालक म्हणाला, "पुढल्या दिवाळीपर्यंत थांबतो. तूच घेतलीस तर बरं."

नेमका तेव्हाच मी दीडशहाणा शेअरच्या नादी लागलेलो. मेव्हणा मुंबईहून कंपन्यांचे अहवाल पाठवायचा, आणि एका इंग्रजी पुस्तकात मला एक सूत्र सापडलं होतं. एका शेअरमागे वर्षाचा नफा किती तो घ्यायचा. सगळी देणी वजा जाता कंपनीची मालमत्ता शेअरमागे किती उरते, ती पुस्तकी किंमत. दोन्हींचा गुणाकार करायचा, त्याला साडेबावीसने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. ही झाली रास्त किंमत. बाजारात त्याहून स्वस्त मिळाला तर घ्यावा.

एका संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात, चार माणसांत, मी सिगारेटच्या पाकिटावर हे मांडलं. पंप बनवणारी एक कंपनी. नफा आठ रुपये, पुस्तकी किंमत पंचेचाळीस. गुणाकार तीनशे साठ, त्याला साडेबावीसने गुणलं, आठ हजार शंभर. वर्गमूळ नव्वद! आणि बाजारात भाव साठ. "नव्वदचा माल साठला! सहा हजारांचे नऊ हजार होतात की नाही, बोला!" हे मी भागोजीकडे बघून म्हणालो. होय, त्याच्याकडे बघूनच.

त्याने पाकीट हातात घेतलं. "मास्तरानू, ह्ये आठ रुपये एकाच सालाचे ना? मागल्या सालांचा काय?"

मी हसलो. "अरे भागोजी, कंपनी म्हणजे काय तुझं हापूसचं कलम आहे, सालाआड धरायला?" सगळं हॉटेल खो खो हसलं. भागोजीही हसला, पण खाली बघून.

आठ दिवसांनी तो रुमालात बांधलेले सहा हजार घेऊन माझ्या घरी आला. मी मेव्हण्यामार्फत त्याला शंभर शेअर घेऊन दिले. स्वतः किती घेतले? दहा! पगारदार माणसाची हौस तेवढीच.

वर्ष सरलं आणि कंपनी तोट्यात गेली. तो आठ रुपये नफा एकाच मोठ्या सरकारी ऑर्डरीचा होता. दिवाळीला शेअरचा भाव अठरा रुपये. सात कलमं शहरातल्या एका डॉक्टरांनी घेतली आणि भागोजी त्यांचा पगारी राखणदार झाला. गावात कुणी विचारलं तर म्हणायचा, "मास्तरांचा हिशोब बरोबर व्हता, माजाच नशीब फुटका." ते कानावर आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण एका रविवारी मी तो जुना अहवाल पुन्हा काढला होता. शेवटच्या पानावर पाच वर्षांचे आकडे छापलेलेच होते: एक, शून्य, एक, शून्य, आठ. सरासरी दोन. तेच सूत्र, दोन धरून केलं, तर उत्तर आलं पंचेचाळीस. पंचेचाळीसचा माल मी त्याला साठला घ्यायला लावला होता! पुस्तकातही सरासरी धरा असंच लिहिलेलं. तेवढा परिच्छेद मी गाळला होता, गाढव तो गाढव!

दोन वर्षं तो हिशोबाचा कागद खिशात घेऊन फिरलो. सांगायची हिंमत कुठून आणू? यंदा मे महिन्यात भागोजी दारात आला, दोन डझन आंबे घेऊन. त्याच कलमांचे, राखणीत मिळालेले. मग मात्र मला राहवेना. कागद त्याच्यापुढे धरला. "भागोजी, चूक माझी होती. तू त्या दिवशी विचारलंस तेच खरं होतं."

त्याने कागद न बघताच परत दिला. "ठाव हाय मला. तवाच मनात आलेला."

"मग घेतलेस कशाला, बाबा?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुमी हसलाव," तो म्हणाला. "मला वाटला, येवढा शिकलेला माणूस हसतो, म्हंजे आपला डोका बागेभायेर चालत नसंल."

तो पडवीत आंबे मांडायला खाली वाकला.

"गवतात ठेवा, चार दिवसांत पिकतील," म्हणाला. "यंदा कमीच हायत. गेल्या साली लय धरले व्हते."