मोठ्या बाईंची कुजबुज

मोठ्या बाईंना कुजबुजता येत नसे. प्रयत्न मात्र त्या मनापासून करत. समोरच्याच्या कानाशी तोंड नेत, तोंडापुढे हात आडवा धरत, डोळे बारीक करत, आणि मग जे काही गुपित असेल ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी भरणाऱ्या मावशींनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. त्यांचं लहानपण इगतपुरीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं होतं. घाट चढून आलेल्या गाड्या घराशेजारीच धापा टाकत उभ्या राहायच्या. "आमच्याकडे भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ओरडून सांगावं लागायचं," असं त्या म्हणत. घर सुटलं, लग्न झालं, नाशकात नोकरी लागली, मुख्याध्यापिका झाल्या. आवाज इगतपुरीचाच राहिला.

मला नोकरी लागली ती या आवाजामुळे. निदान लागल्याची बातमी तरी त्यातूनच कळली.

मी चांदवडची. गणित-विज्ञान घेऊन बी.एड. केल्याला दोन वर्षं होत आली होती आणि मी पंचवटीत मावशीकडे राहून शाळा-शाळांचे उंबरे झिजवत होते. मुलाखत झाली की सगळीकडे एकच उत्तर मिळे, "कळवतो." फोनवर हे सांगितलं की आमचे अण्णा म्हणायचे, "कळवतो म्हंजे नाय. कांद्याच्या व्यापाऱ्याची बी हीच भाषा हाय." मावशीचं निदान वेगळं होतं. तिच्या मते माझं ज्ञान चांगलं होतं, पण तोंड उघडलं की चांदवड बाहेर पडायचं. म्हणून ती रोज पोळ्या लाटता लाटता माझी भाषा सरळ करी. 'हाय' नाही, 'आहे'. 'लय' नाही, 'खूप'. 'पायजेल' तर नाहीच नाही.

अशी सगळी इस्त्री करून मी मखमलाबादच्या बाजूच्या त्या माध्यमिक नसलेल्या, प्राथमिकही नसलेल्या, पाचवी ते आठवीच्या शाळेत गेले. शाळेच्या एका अंगाला नवे फ्लॅट आणि दुसऱ्या अंगाला कोबी, टोमॅटो, झेंडूचे मळे. मुलंही तशीच, अर्धी लिफ्टमधून उतरून येणारी, अर्धी बांधावरून. माझ्याबरोबर आणखी एक उमेदवार होती. तिचं इंग्रजी इतकं सफाईदार होतं, की तिच्या शेजारी बसून मला आपली चप्पलसुद्धा ग्रामीण वाटू लागली.

सातवीच्या वर्गात नमुना पाठ घ्यायचा होता. विषय अन्नपदार्थ टिकवण्याचा. मागच्या बाकावर संस्थेचे सेक्रेटरी, बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ सर आणि मोठ्या बाई बसल्या होत्या. माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं. इतकं व्यवस्थित, की मुलं खिडकीबाहेर बघत होती. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "टीचर, पण चाळीत ठेवूनसुद्धा कांदा का सडतो?"

आता हा प्रश्न मला कुणी विचारू नये. माझा जन्म कांदा साठवायच्या चाळीशेजारचा. मी खडू ठेवला आणि म्हणाले, "आगं, ओला भरला तर सडणारच ना! खालून बी वारा लागला पायजेल आन् बाजूनं बी. लय दाबून भरला की गेलाच समज!"

वर्ग खदखदून हसला. तज्ज्ञ सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मावशीची सगळी मेहनत माझ्या डोळ्यांसमोरून वाहून गेली. आणि मागच्या बाकावर मोठ्या बाई सेक्रेटरींच्या कानाशी झुकल्या.

"आत्ता बोलली बघा पोरगी!" साऱ्या वर्गाला ऐकू गेलं. "मघापासून नुसती बातम्या दिल्यासारखी बोलत होती. हिलाच घेऊ!"

सेक्रेटरी खरोखरचं कुजबुजले, त्यामुळे ते काय म्हणाले ते कळलं नाही. बाईंचं उत्तर कळलं. "भाषेचं बघू हो मागाहून. पोरं हसली, पण एक तरी खिडकीकडे बघतंय का?"

पहिल्या बाकावरच्या मुलानं मला हळूच सांगितलं, "टीचर, तुमचं झालं."

पाठाचा अजून बराच भाग शिल्लक होता. तो मी कसा पूर्ण केला ते आठवत नाही. दुपारी सेक्रेटरींनी मला बोलावून गंभीरपणे सांगितलं, की निर्णय झाला की कळवतो. या वेळी मात्र मी घरी जाताना मावशीसाठी पेढे घेऊन गेले.

मोठ्या बाई मुलांसमोर आम्हाला "अहो बाई" म्हणत आणि मुलं वळली की "अगं ए". पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, "वैशाली, गोंगाट झाला तर घाबरू नकोस. वर्ग गप्प बसला की मात्र धावत जा. गप्प वर्ग म्हणजे काहीतरी फुटलंय किंवा फुटणार आहे." मला हे पटलं नव्हतं. बी.एड.ला शिस्तीवर अख्खा पेपर होता. त्यामुळे एका मंगळवारी सातवी ब इतकी शांत बसली, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यावा, तेव्हा मला कृतार्थ वाटलं. व्हरांड्यातून मोठ्या बाई चालल्या होत्या. त्या जागच्या जागी थबकल्या आणि आत आल्या.

"काय फुटलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाई. मुलं लक्ष देतायत," मी अभिमानानं म्हणाले.

त्याच क्षणी तिसऱ्या बाकावरचं एक दप्तर कुंई कुंई करू लागलं. आत कुत्र्याचं पिल्लू होतं. त्याची झोप मोडू नये म्हणून वर्गानं एकमतानं मौन धरलं होतं. मोठ्या बाईंनी पिल्लाला उचललं, त्याचं तोंड न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "अहो बाई, एवढी शांतता मला कुणी आयुष्यात दिली नाही. कुत्र्याला मान आहे." पिल्लाला त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी मिळाली. तांदळाची भाकरी हा त्यांचा दुसरा इगतपुरी बाणा होता. गव्हाची पोळी त्या पाहुण्यासारखी, मान राखून खात.

मग दसरा जवळ आला आणि माझ्या नोकरीवर टांगती तलवार आली.

पटपडताळणीसाठी वरून माणसं येणार होती. म्हणजे नाव घातलेली मुलं खरोखर शाळेत येतात का, हे बाकांवर बघून मोजायचं. नेमकी झेंडूची तोडणी सुरू झालेली, त्यामुळे मळ्यातली मुलं आठवडाभर घरीच. बाकं रिकामी दिसली तर सातवीच्या दोन तुकड्यांची एक होणार होती आणि सगळ्यात शेवटी आलेली शिक्षिका घरी जाणार होती. सगळ्यात शेवटी मीच आले होते.

हे मला कुणी सांगितलं नाही. मी स्टाफरूममध्ये चहा पीत होते आणि शेजारच्या ऑफिसात मोठ्या बाई क्लार्क भाऊसाहेबांशी कुजबुजत होत्या. "भाऊसाहेब, तिची जागा जाईल हो! पण वैशालीला यातलं एक अक्षर कळता कामा नये! पोरगी काळजीनं वाळून जाईल!"

स्टाफरूममधले सगळे एकदम आपापल्या कपात बघू लागले. माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. मला आधी अण्णा आठवले. पोरगी मास्तरीण झाली म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला होता.

थोड्या वेळानं मोठ्या बाई दारात आल्या. चेहरा अगदी निर्विकार. "अगं वैशाली, चल, मळ्यात चक्कर मारून येऊ."

"का हो बाई?"

"का म्हणजे? सहज."

त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी सहज निघाले. पहिलाच मळा गौरीचा, म्हणजे कांद्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा. गौरी आणि तिची आई झेंडू तोडत होत्या. शेजारी क्रेट भरलेले.

"गौरीला शाळेत का पाठवत नाहीस गं?" मोठ्या बाईंनी बांधावरूनच विचारलं.

"बाई, आता नाय तोडलं तर कवा तोडू? दसरा झाल्यावर झेंडूला कोण इचारतंय?"

"तेही खरंच," असं म्हणून मोठ्या बाईंनी कमरेला पदर खोचला आणि त्या सरीत उतरल्या. दोन्ही हातांनी फुलं तोडू लागल्या. फुलांबरोबर कळ्या येत होत्या, कळ्यांबरोबर फांद्या येत होत्या. गौरीची आई कासावीस झाली.

"आवो बाई, कळ्या नका तोडू! तुम्ही बसा बरं बांधावर. म्या करते!"

"नाही गं. मुलं शाळेत येत नाहीत, मग आम्ही तिथे बसून काय करू? आम्ही दोघी रोज येत जाऊ मदतीला."

गौरीच्या आईनं तुटलेल्या फांद्यांकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी ती वेळ साधली. पुढे झुकल्या, तोंडापुढे हात धरला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "परवा एक दिवस पाठव गं! त्या पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. तिला बिचारीला काही माहीत नाही!"

मी दोन सऱ्या पलीकडे उभी होते. मी घाईघाईनं एका झेंडूचा वास घेऊ लागले. गौरीच्या आईनं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "बरं. नाय कळू देत तिला."

त्या दुपारी आम्ही आजूबाजूचे सगळे मळे फिरलो. प्रत्येक ठिकाणी मदतीची तीच धमकी, तीच कुजबुज. संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत माझी नोकरी हा विषय कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. माझ्यासाठीच तो गुपित होता.

पडताळणीच्या दिवशी प्रार्थना झाली, तरी सातवी ब अर्धी रिकामी. अधिकारी साहेब घामाघूम होऊन जीपमधून उतरले. मोठ्या बाई भाऊसाहेबांच्या कानाशी वाकल्या. "माणूस चिडका दिसतो. चहात साखर जास्त टाकायला सांगा!"

"मला डायबेटिस आहे, बाई," साहेब म्हणाले.

"मग बिनसाखरेचा. पण सावकाश उकळवा म्हणावं," बाई त्याच आवाजात म्हणाल्या. साहेबांना हसू आवरलं नाही.

चहा उकळत असतानाच फाटकातून एक पिकअप आत शिरली. मागे झेंडूचे क्रेट आणि क्रेटच्या मधून सातवी ब. मुलं पटापट उड्या मारून उतरली. हात पिवळे, गणवेशावर पाकळ्या, सगळ्या व्हरांड्यात झेंडूचा उग्र वास. पुढून गौरीचे वडील उतरले. "बाई, उशीर झाला. अंधारातच तोडायला लागलो होतो. मार्केटला जायच्या आधी पोरं घेऊन आलो. घ्या, मोजून घ्या."

साहेबांनी बाकांमधून फिरून मोजली. एका मुलाचा हात उलटसुलट करून बघितला. मग शेरा लिहिला आणि बिनसाखरेचा चहा पिऊन गेले. सातवी ब राहिली. मीही राहिले.

जीप दिसेनाशी झाल्यावर मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बसवलं, दार लावलं आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. मी योग्य त्या जागी "अगं बाई!" आणि "काय सांगता!" म्हणत गेले. शेवटी त्या खुर्चीत मागे रेलल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "कानोकान खबर लागू दिली नाही तुला."

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. बाईंना वाटलं, बातमीचा धक्का बसला.

त्यानंतर काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, तेही मेअखेरीला. शाळेला सुट्टी, सगळा शुकशुकाट. हारतुरे त्यांनी आधीच बंद पाडले होते. "मुलं नसताना भाषण कुणापुढे करू? भिंती आधीच कंटाळल्यात माझ्या आवाजाला." मी चांदवडहून सकाळच्या एसटीनं आले. किल्ल्या नव्या सरांकडे सोपवून झाल्यावर त्या माझ्याबरोबर सगळ्या वर्गांतून फिरल्या. सातवी ब मध्ये मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"शिकव," त्या म्हणाल्या.

"काय शिकवू?"

"ऋण गुणिले ऋण धन कसं होतं? सगळा जन्म मराठी शिकवलं. पोरांनी हे विचारलं की सांगायचे, गणिताच्या बाईंना विचारा. मलाच कधी कळलं नाही."

मी खडू घेतला. फळ्यावर रेघ मारली, मधे शून्य काढलं. ऋण म्हणजे तोंड फिरवणं, मी सांगितलं. एकदा फिरवलं की उलट दिशा. पुन्हा एकदा फिरवलं तर?

त्यांनी हवेत बोट एकदा फिरवलं, मग पुन्हा एकदा. "एवढंच होतं होय!" म्हणाल्या. मग त्यांनी हात वर केला.

"बाई, पाणी प्यायला जाऊ?"

"जा," मी म्हणाले, "पण लगेच ये हं."

मोठ्या बाईंना मी आयुष्यात एकदाच अगंतुगं केलं, ते हे. त्या उठल्या आणि चपला न वाजवता बाहेर गेल्या. मी पुढचं उदाहरण फळ्यावर मांडून ठेवलं आणि थांबले. नळाचा आवाज आला नाही. फाटकाशी स्कूटी सुरू झाल्याचा आला.

मी व्हरांड्यात धावले. स्कूटी रस्त्याला लागली होती. शाळेतून पळणारं पोर कधी मागे वळून बघत नाही. त्यांनीही बघितलं नाही.