बैलाचा सोमवार

धारूरच्या पेठेत सत्यभामाला सगळे ‘कावूनबाई’ म्हणतात. कोणी काही सांगितलं की तिचा पहिला शब्द ‘कावून?’, म्हणजे का म्हणून? त्यापायी तिनं शाळेत छड्या खाल्ल्या आणि सासरी टोमणे. जित्याची खोड ती, पंचेचाळिशी ओलांडली तरी गेली नाही. आता ती मजूर बायकांच्या हक्कांसाठी गावोगाव हिंडते, आणि तिला दारात पाहून भलेभले साहेब खुर्चीत चुळबुळतात.

यंदा गाऱ्हाणं छबुबाईचं होतं. कल्याणराव आप्पांच्या डाळ मिलमध्ये छबुबाई बारा वर्षं डाळ निवडतेय. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तसं बीडच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलं. पण मिलला सुट्टीचा वारच नव्हता. मागच्या साली एक बाई एक दिवस घरी राहिली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरीच बसलेली. म्हणजे सुट्टी घ्यावी तर काम जातं, न घ्यावी तर डोळे. सत्यभामा कायद्याचा कागद घेऊन आप्पांकडे दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं.

अशात एका शनिवारी ती रोहेकर सिस्टरकडे गेली. सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. मूळच्या कोकणातल्या, नर्सच्या नोकरीपायी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. एरवी पाहुण्याचं पाऊल उंबऱ्यात पडायच्या आत चहा टाकणारी ही बाई आज निवांत बसलेली. गॅस बंद, भाजी गार.

“चूल कावून बंद?”

“आज आमचा शब्बाथ, विसाव्याचा वार. माझे आजोबा तेली होते. शनिवारी घाणा बंद आणि घाण्याचा बैलही मोकळा.”

“बैल कावून? त्याला कुठं धरम हाय?”

सिस्टर हसल्या आणि त्यांनी ‘तोरा’ हा आपला धर्मग्रंथ मराठीतून उघडून वाचला. सातव्या दिवशी काम करू नकोस. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा चाकर, तुझी दासी, तुझा बैल, तुझी जनावरं आणि तुझ्या वेशीतला परका. सत्यभामानं ते दोनदा वाचायला लावलं. दासी आणि बैल एकाच ओळीत बघून तिला भलतंच नवल वाटलं. कारण आप्पा महादेवाचे मोठे भक्त. तीन पिढ्यांत त्यांच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू चढलं नव्हतं.

सोमवारी ती आप्पांच्या ओसरीवर जाऊन बसली. या खेपेला कागद पिशवीतच ठेवला.

“आप्पा, आज बैल कावून बांधलेत?”

“सोमवार हाय. नंदीचा वार. म्हाईत न्हाई का तुला?”

सत्यभामानं सिस्टरची यादी घडाघडा म्हणून दाखवली. “त्यांच्या यादीत बैल हाय आन् राबणारी बाई बी हाय. तुमच्या यादीत निस्ता बैल. बाई कावून न्हाई?”

आप्पा रागावतील असं तिला वाटलं होतं. ते मात्र तिच्याकडे वळून बसले. मग ही माणसं कोण, कुठली, त्यांचा बैल खरंच सुटतो का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. कायद्याला न बधणारा माणूस देवापुढे अडला होता.

“सोमवारी मिल बंद,” ते शेवटी म्हणाले. “मजुरी कापणार न्हाई. छबुबाईला सांग, डोळे दाखवून ये. जागा तिचीच हाय.”

सत्यभामाला रडूच आलं. तेवढ्यात आप्पांच्या पत्नी उमाबाई भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचं ताट घेऊन बाहेर आल्या. आप्पांचा उपवास, त्यामुळे सोमवारी त्यांना दुहेरी स्वयंपाक. त्या आतून सगळं ऐकत होत्या.

“सत्यभामे, त्या यादीत बायको हाय का गं?”

सत्यभामानं बोटांवर नावं घेतली. बायको नव्हती. तिनं तिथूनच सिस्टरना फोन लावला.

“नाव नाही खरं,” सिस्टर म्हणाल्या. “पण त्या दिवशी घरात विस्तव पेटवू नका, असं वेगळं लिहिलंय.”

उमाबाईंनी ऐकलं आणि ताट आप्पांपुढे ठेवलं. “पुढल्या सोमवारी मिलसंगं चूल बी बंद.”

“आन् माझ्या उपासाचं?”

“उपास हाय न्हवं?” उमाबाई म्हणाल्या. “मंग उपासच धरा.”